आडवी चादर

"भाऊ, मन्हा पोऱ्याना पासपोर्ट सापडत नही."

शकूबाई एवढंच बोलली आणि उंबऱ्यावरच बसली. रामदास तायडे जेवायला बसत होते. त्यांनी वाढलेल्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि चपला पायात सरकवल्या.

कोसाडच्या वसाहतीत कोणाची सायकल गेली, कोणाच्या घरी भांडण पेटलं, की लोक पोलिसांच्या आधी तायडेंकडे येत. तायडे रेल्वेतले निवृत्त टीसी. सुरत-भुसावळ मार्गावर त्यांनी आयुष्य काढलं. "तिकीट मी नंतर मागतो, आधी माणूस बघतो," हे त्यांचं वाक्य वसाहतीतल्या पोरासोरांना पाठ होतं. विनातिकीट माणूस टीसी दिसला की खिडकीबाहेर बघू लागतो, हा त्यांचा सिद्धांत. तो बहुतेक वेळा खरा ठरे.

गुण मोठा, पण खोडही तशीच. सापडलेल्या माणसाला ते सगळ्या डब्यातून मिरवत न्यायचे. त्यांची बायको छाया म्हणायची, "दंड घ्या ना गुपचूप. अब्रू कशाला घेता?" छाया जाऊन आता वर्ष झालं होतं. शेवटी कितीतरी आठवडे ती मुंबईला रेल्वेच्या दवाखान्यात पडून होती, आणि तायडे तिच्या पलंगाशी स्टुलावर. तेव्हापासून घरात त्यांना टोकणारं कोणी उरलं नव्हतं.

शकूबाईचं घर तीन दारं सोडून. नवरा गंगाराम शिरसाठ, मुलगी निशा आणि मुलगा प्रज्ञेश. आज दिवस प्रज्ञेशचा होता. हॉटेलचा कोर्स करून, सुरतेतल्या एका मोठ्या हॉटेलात दोन वर्षं काढून पोरगा दुबईला निघाला होता. तिथलं हॉटेल म्हणजे राजवाडाच. त्याचं रंगीत चित्र गंगारामनं बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावलं होतं, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या जरा खाली. येईल त्याला तो चित्रासमोर उभा करी आणि सांगे, "आमचा प्रज्ञेश इथं मॅनेजर." वसाहतीतून परदेशी जाणारा हा पहिलाच मुलगा. पाच वाजता विहारासमोर त्याचा सत्कार होता, मांडव पडला होता, माईकची तपासणी चालली होती. रात्रीच्या गाडीनं मुंबई आणि पहाटे विमान. हॉटेलवाल्यांनी बजावून सांगितलं होतं, ठरल्या दिवशी जो हजर नसेल त्याची जागा पुढच्या नंबराला.

आणि पासपोर्ट गायब.

"ठेवला होता कुठं?" तायडेंनी विचारलं.

"गादीखाली," प्रज्ञेश म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आईनं ठेवला होता. काल संध्याकाळी."

बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून लोखंडी पलंग होता. त्यावर प्रज्ञेश झोपायचा. शकूबाईनं पुढे होऊन उशाकडच्या बाजूनं गादीखाली कोपरापर्यंत हात घातला आणि जागा दाखवली. सकाळी कामरेजला मावशीच्या पाया पडायला मायलेक गेले होते, ते बाराच्या सुमारास परतले. आल्या आल्या तिनं असाच हात घातला, तर हाताला नुसती फळी लागली.

तायडे पलंगाकडे बघत राहिले. गादी कशी तबल्यासारखी ताणलेली. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडून आत खोचलेले. मधोमध दुसरी चादर दुहेरी घडी करून आडवी घातलेली, तिचीही दोन्ही टोकं गादीखाली घट्ट दाबलेली. फक्त उशाकडचा कोपरा शकूबाईच्या हातानं जरा विस्कटला होता. तायडेंच्या घरी गादीवर गोधडी टाकली की झालं. हॉटेलवाल्यांची तऱ्हाच न्यारी, असं त्यांच्या मनात आलं आणि ते पुढे वळले.

"गादीखाली आहे हे कोणाकोणाला माहीत होतं?"

सगळ्यांनाच होतं. शकूबाईनं काल रात्री घरात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "गादीखाले ठेवेल शे, कोणी हात लावू नका." नेमकी कुठली बाजू ते मात्र तिनं फक्त प्रज्ञेशला दाखवलं होतं.

तायडेंनी एकेकाला आतल्या खोलीत घेतलं.

निशा रडून सुजली होती. आई आणि भाऊ गेल्यावर ती आणि बाबा घरात होते. दहाच्या सुमारास ती फुलांचं बघायला विहाराकडे गेली. परत आली तेव्हा बाबा नव्हते, दाराला नुसती कडी होती आणि ओट्यावर चेतन बसला होता.

"चेतन एकटाच?"

"हो. बॅगेला लावायचं कुलूप घेऊन आला होता."

"बाबा कुठं गेले होते?"

"कतारगामला. खात्यातल्या शेठला पेढे द्यायला. रजाच आहे त्यांची आज, पण म्हणाले शेठला तोंड दाखवून येतो."

सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. गिरणी बंद पडल्यावर गंगाराम तिथं सुपरवायझर म्हणून लागला, हे सगळ्या वसाहतीला माहीत होतं. जुन्या गिरणीच्या दिवसांत गंगाराम घरात बोलला की चार गल्ल्या पलीकडे ऐकू जाई. चार वर्षांपूर्वी प्लेगच्या साथीत सगळी वसाहत गाठोडी बांधून खानदेशात पळाली, तेव्हा बायकापोरांना गाडीत बसवून हा एकटा मागे राहिला. खात्याची राखण करायला कोणीतरी पाहिजे, म्हणाला. लोक अजून त्याचं नाव काढत.

"काल घरात काही वेगळं घडलं?" तायडेंनी विचारलं.

निशा आठवू लागली. काल संध्याकाळी चेतन आला होता. दोघा मित्रांनी तिला टॉवेलचा हंस करून दाखवला, खूप हसले तिघं. मग बाबा मोरीतून पाय धुऊन बाहेर आले आणि चहा न घेताच चपला घालून गेले. रात्री जेवलेही नाहीत. पोरगा चालला म्हणून मन भरून आलं असेल, असं आई म्हणाली.

चेतनला बोलावलं. हा प्रज्ञेशच्याच हॉटेलात नोकरीला होता. बाप बँकेत, घर अमरोलीत, आणि बोलणं निम्मं सुरती. दुबईच्या मुलाखतीला दोघे बरोबर गेले होते. प्रज्ञेशची निवड झाली. चेतनचा पुढचा नंबर.

"म्हणजे हा गेला नाही तर तू जाणार."

चेतनचे कान लाल झाले. "काका, मी शुं काम घेऊ? मला घ्यायचा असता तर मी कुलूप घेऊन आलो असतो का?"

"ओट्यावर किती वेळ बसला होतास?"

"असेल पंधरा-वीस मिनिटं."

"दाराला कडीच होती. आत गेला होतास?"

"पाणी प्यायला," चेतन म्हणाला. तो तायडेंच्या डोळ्यांत बघून बोलत होता, खिडकीकडे नाही. त्यामुळे तायडेंची जरा पंचाईत झाली.

मग प्रज्ञेश. त्याला त्यांनी साधाच प्रश्न विचारला. "तिथं तुझं काम नेमकं काय?"

"हॉस्पिटॅलिटी, काका."

"ते झालं. पण काय करायचं?"

"म्हणजे... मॅनेजमेंट साईडला. गेस्टचं बघायचं." आणि प्रज्ञेश खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, शेजाऱ्यांची भिंत होती.

शेवटी गंगाराम. तो पलीकडे ओट्यावर पत्रावळी मोजून देत होता. नवा पांढरा सदरा, खिशाला पेन. त्याच्या सायकलच्या हँडलला डब्याची रिकामी पिशवी लटकत होती. तायडेंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला की निशा गेल्यावर लगेच तोही निघाला, त्यानं काही पाहिलं नाही. हे तो इतकं हळू बोलला की तायडेंना पुढे झुकावं लागलं. मग तो स्वतःच म्हणाला, "साहेब, जाऊ द्या. नसेल नशिबात. इथलंच हॉटेल काय वाईट आहे?"

महिनाभर ज्यानं भिंतीवरचं चित्र पुसून पुसून चकचकीत ठेवलं, त्याच्या तोंडी हे वाक्य तायडेंना बरं वाटलं नाही. पण बापाचं काळीज, उमेद सुटली असेल, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

तीन वाजत आले. घरातले डबे, पेटारा, तांदळाची पिंपं सगळं उपसून झालं होतं. चेतननं आपणहून खिसे उलटे करून दाखवले. दारात सत्कार समितीचा रघुनाथ आणि दहाबारा माणसं जमली होती. मांडव उतरवायचा की ठेवायचा हे रघुनाथला कळत नव्हतं. शकूबाई तसबिरींखाली हात जोडून बसली होती.

तायडे पुन्हा पलंगापाशी आले. आडव्या चादरीवरून त्यांनी हात फिरवला आणि त्यांना एकदम स्टुलावर बसल्यासारखं वाटलं.

"प्रज्ञेश, चादरी काढ," ते म्हणाले. "आणि तुझ्या पद्धतीनं गादी घालून दाखव."

प्रज्ञेशला वाटलं काकांचं डोकं फिरलं. पण त्यानं चादरी काढल्या, गादी उचलली, खाली कुठंच काही नव्हतं. मग त्यानं चादर झटकून पसरली, कोपरे दुमडले, दुसरी चादर वर अंथरली आणि उशाकडे वीतभर उलटी मुडपली. हात सफाईनं चालत होते. मग तायडेंनी चेतनला तेच करायला लावलं. त्यानंही हुबेहूब तसंच केलं.

"मघाशी मधे आडवी चादर होती. ती कोणी घातली?"

प्रज्ञेश गोंधळला. "मी नाही. मी सकाळी अशीच घालून गेलो होतो. मला वाटलं निशानं..."

"मला तर हे कोपरेच जमत नाहीत," निशा म्हणाली.

तायडेंची मान ताठ झाली. जुनी गाडी, जुना डबा, आणि मासा गळाला लागलेला. त्यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. दारातली माणसं आपोआप आत सरकली. त्यांना जा म्हणावं असं तायडेंच्या मनातही आलं नाही.

"ऐका," ते म्हणाले. "शकूबाईला जागा ठाऊक. तिला नुसता हात घालावा लागतो. प्रज्ञेशलाही ठाऊक. चोराला मात्र फक्त गादीखाली एवढंच ठाऊक होतं. म्हणून त्याला चादरी काढून अख्खी गादी उचलावी लागली. म्हणजे चोर हे दोघं नव्हेत."

रघुनाथनं मान डोलावली.

"पासपोर्ट त्याला मिळाला. आता गादी होती तशी करायला पाहिजे, नाहीतर लगेच कळेल. निशाला ते येत नाही. चेतनला येतं, पण तो हॉटेलासारखी घालतो, आत्ताच पाहिलं तुम्ही. चोराला येतं, आणि तो घालतो वेगळीच. कोपरे तसेच, पण मधे एक चादर आडवी. ती का घालतात, आहे कोणाला माहीत?"

तायडेंनी वरची चादर ओढून काढली आणि तिची दुहेरी घडी केली.

"मला आहे. छायाच्या पलंगावर मी ती रोज सकाळी घातलेली पाहिली. आजारी माणसाला आवरलं नाही तर सगळा बिछाना उपसायला नको, तेवढी चादर बदलायची. दवाखान्यातला वॉर्डबॉय रोज वीस-वीस पलंग तसे करतो. त्याच्या हाताला ती सवयच लागते. घाईत असला, घाबरलेला असला, तरी हात आपले चालतात आणि आडवी चादर घालून मोकळे होतात. या घरात असा कोण आहे?"

खोलीत सगळे एकमेकांकडे बघू लागले. तायडेंना आता थांबवत नव्हतं.

"मागावर काम करणारा माणूस घरीही ओरडून बोलतो. दिवसभर खडखडाट ऐकून त्याचे कान गेलेले असतात. आपल्यात एकजण पूर्वी चार गल्ल्यांना ऐकू जाईल असं बोलायचा. हल्ली तो असा बोलतो, जसं शेजारी कोणी झोपलंय. प्लेगात सुरतेतलं एकूण एक खातं बंद होतं, कामगार गेले, शेठही गेले. मग हा कशाची राखण करत होता? तेव्हा दिवसरात्र चालू होते ते फक्त दवाखाने. आणि आज रजा, घरात पंगत, तरी हा डब्याची पिशवी घेऊन कतारगामला गेला. पेढ्याचा पुडा हातातही नेता येतो. डबा लागतो तो कुणाला न दिसता काही न्यायचं असलं तर."

गंगाराम भिंतीला टेकून उभा होता. त्यानं मान खाली घातली नाही. तो फक्त म्हणाला, "दार लावून घ्या, साहेब."

तेव्हा कुठं तायडेंनी दाराकडे पाहिलं. रघुनाथ, सुकदेव पानवाला, पलीकडच्या दोन बायका, सगळे डोळे गंगारामवर. डब्यातून मिरवत नेलेली कितीतरी माणसं त्यांना आठवली, आणि छायाचं ते वाक्यही. त्यांनी हात जोडून सगळ्यांना बाहेर घातलं आणि दार लावलं. उपयोग काय, ऐकायचं ते लोकांनी ऐकलं होतं. आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं तायडेंना फार मनापासून वाटलं.

"बाबा?" प्रज्ञेशनं विचारलं. "तुम्ही?"

गंगारामनं सांगितलं ते थोडक्यात असं. गिरणी बंद पडली तेव्हा खात्यात त्याला कोणी घेतलं नाही, सगळीकडे तरणी पोरं हवी होती. कतारगामच्या एका दवाखान्यात जागा मिळाली. लादी पुसायची, बिछाने घालायचे, रोग्यांचं हगणं-मुतणं काढायचं. घरी त्यानं खातं म्हणून सांगितलं, कारण सांगणार काय? त्याचा बाप चोपड्याकडच्या गावात गावकीचं काम करी, मेलेली ढोरं ओढी. दीक्षा घेतली त्या वर्षी बापानं ते सोडलं, गावानं वाळीत टाकलं तरी सोडलं, आणि लहानग्या गंगारामच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला की आता आपल्या घरातलं कोणी लोकांची घाण उचलणार नाही.

"शपथ मी मोडली," गंगाराम म्हणाला. "पण ही शेवटची, असं समजून मोडली. काल मोरीत पाय धूत होतो. हा चेतन हसत म्हणत होता, तिथं रोज सोळा खोल्या, सोळा संडास घासायचे. आणि तू हसत होतास."

प्रज्ञेशच्या डोळ्यांना पाणी आलं. "हाउसकीपिंग आहे, बाबा. खोल्याच साफ करायच्या. मॅनेजर मी कधी म्हटलंच नाही. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, मग मला खरं सांगायची लाज वाटली."

"मला वाटली तशीच," गंगाराम म्हणाला.

शकूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "तुमना कपडासले फिनेलना वास येस," ती नवऱ्याला म्हणाली. "सात वरीस मीच धुई राहिनू. माले काय नाक नही?"

गंगारामनं बायकोकडे पाहिलं आणि तो भिंतीशी खाली बसला. पुरुषासारखा पुरुष गुडघ्यांत तोंड घालून रडला. पासपोर्ट त्यानं फाडला नव्हता. तेवढी हिंमत झाली नाही. विमान निघून गेल्यावर सापडला म्हणून आणून द्यायचा, एवढाच त्याचा बेत होता. तो दवाखान्यातल्या त्याच्या कपाटात होता, आणि किल्ली कमरेला.

रिक्षा तायडेंनीच आणली. मागे बापलेक बसले, पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून तायडे.

दवाखान्याच्या जिन्याखाली पत्र्याचं कपाट होतं. गंगारामनं ते उघडलं. आत खाकी गणवेश, फिनेलची बाटली, आणि डब्याच्या खालच्या खणात पासपोर्ट, तिकिटासकट. तो प्रज्ञेशच्या हातात देऊन गंगाराम कुलूप लावत होता, तोच वरून नर्सनं हाक मारली. तीन नंबरचं म्हातारं माणूस होतं, बिछाना पार ओला झाला होता, आणि बदलीवरचा माणूस आला नव्हता. "गंगारामभाई, तमे आव्या छो तो जरा..."

गंगाराम हलेना. मुलाकडे बघेना.

प्रज्ञेशनं पासपोर्ट तायडेंच्या हातात दिला आणि जिना चढला. तायडे मागोमाग गेले आणि वॉर्डच्या दाराशी थांबले. आत जायचं धैर्य त्यांना झालं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच. गंगारामनं मुलाला मागे सारलं, "हात लावू नको, कपडे नवे आहेत." प्रज्ञेशनं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. म्हाताऱ्याला दोघांनी अलगद कुशीवर वळवलं. ओली चादर निघाली, कोरडी पसरली, कोपरे इकडून बापानं दुमडले, तिकडून पोरानं. दोघांचे कोपरे अगदी एकसारखे होते. मग प्रज्ञेश थांबला, कारण पुढचं त्याला येत नव्हतं. गंगारामनं आडवी चादर त्याच्याकडे सरकवली आणि हलक्या आवाजात सांगितलं, ओढून धर, सुरकुती राहिली तर म्हाताऱ्याची पाठ सोलते.

तायडे जिन्यात येऊन उभे राहिले.

सत्कार साडेपाचला सुरू झाला. मांडव भरला होता, नेहमीपेक्षा जास्तच, कारण बातमी फिरली होती. पुढच्या रांगेत बायका पदराआडून कुजबुजत होत्या. रघुनाथ बिचारा भला माणूस, त्यानं जे ऐकलं ते ऐकलंच नाही असं ठरवून ठेवलेलं भाषण केलं. गिरणी कामगाराचा मुलगा आज परदेशात मॅनेजर म्हणून चालला आहे, असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या, पण जरा बिचकतच. तायडे मागच्या रांगेत बसले होते. पुढची खुर्ची त्यांना देऊ केली होती, ती त्यांनी घेतली नाही.

मग रघुनाथनं वडिलांना दोन शब्द बोलायला सांगितलं. गंगाराम उठला. माईक त्यानं दोन्ही हातांनी धरला.

तो काहीतरी बोलला. ओठ हलले, पण माईकमधून नुसती कुजबुज आली.

"ऐकू येत नाही," मागून कोणीतरी म्हणालं. "मोठ्यानं बोला, गंगारामभाऊ."

गंगाराम पुन्हा बोलला. पहिल्या दोन रांगा एकदम गप्प झाल्या, म्हणजे त्यांना ऐकू आलं असावं. मागच्यांना नाही. "जोरात," दोघंतिघं ओरडले. त्यांच्या मनात काही नव्हतं, त्यांना खरोखरच ऐकायचं होतं.

तायडेंना वाटलं उठावं, जाऊन त्याच्या हातातून माईक घ्यावा, सांगावं की पुरे झालं. जे एकदा सांगायला माणसाला सात वर्षं लागली, ते त्याला तिसऱ्यांदा सांगायला लावू नका. ते अर्धवट उठलेही. पण स्टेजवर प्रज्ञेश बापाच्या शेजारी येऊन उभा राहिला होता. बाह्या अजून वरच होत्या.

गंगारामनं माईक खाली ठेवला. छाती भरून श्वास घेतला, आणि कितीतरी वर्षांनी त्याचा तो जुना गिरणीतला आवाज बाहेर आला.

"मी दवाखान्यात वॉर्डबॉय आहे. संडास धुतो. माझा पोरगा दुबईला तेच काम करायला चाललाय."

चार गल्ल्या पलीकडे ऐकू गेलं असेल. मांडवात कोणी हललं नाही. गंगाराम तसाच उभा होता, घामानं नवा सदरा पाठीला चिकटला होता. मग शकूबाई बायकांमधून उठली, स्टेजवर गेली आणि नवऱ्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. त्यानं तो सगळ्यांसमोर पिऊन टाकला. गाडीला अजून वेळ होता, म्हणून रघुनाथनं पंगत बसवायला सांगितली.